फवारणीवरच्या संशोधनाचा आढावा कसा पारखावा

गेल्या मार्चमध्ये मार्केट यार्डातून आणलेल्या द्राक्षांच्या पेटीभोवती आमच्या घरी एक वाद झाला. तो द्राक्षांवरून सुरू झाला आणि तणनाशकावर येऊन अडला. माझा भाऊ नारायणगावजवळ द्राक्षे आणि टोमॅटो पिकवतो, तर माझी मुलगी सायली पुण्यातच सामुदायिक आरोग्य या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेते. सायलीचे म्हणणे असे की ग्लायफोसेट या तणनाशकाच्या सर्वाधिक संपर्कात आलेल्या माणसांत नॉन-हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगाचा धोका ४१ टक्क्यांनी जास्त असल्याचे एका आढाव्यात दिसले आहे. दादाने खिशातून मोबाइल काढला आणि कुणीतरी त्याला पाठवलेला दुसरा आढावा पुढे केला. ग्लायफोसेट आणि हा कर्करोग यांच्यात कार्यकारणसंबंध प्रस्थापित झालेला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. दोन्ही निबंध नावाजलेल्या नियतकालिकांत आलेले होते आणि दोन्हींनी आधार घेतलेले मूळ अभ्यासही बहुतांशी तेच होते. संख्याशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली असल्यामुळे निवाडा माझ्याकडे आला, पण तो एका वाक्यात देणे मला त्या दिवशी जमले नाही. का जमले नाही, ते सविस्तर सांगण्यासाठी हा लेख आहे.

कोणत्याही आरोग्यविषयक प्रश्नावर जगभर वेगवेगळे लोक अभ्यास करत असतात. त्यांतले काही मोठे असतात तर काही लहान, काही नेटके असतात तर काही घाईने उरकलेले. या सगळ्यांना एकत्र ठेवून त्यांतून काय निघते ते सांगणाऱ्या लेखनाला आढावा म्हणतात. त्याचे ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. वर्णनात्मक आढाव्यात एखादा जाणकार आपल्या वाचनातून निवडक अभ्यास घेतो आणि त्यावर मत मांडतो. हे अभ्यासच का निवडले, असे त्याला कोणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. पद्धतशीर आढाव्यात मात्र प्रश्न आधी ठरतो, अभ्यास कुठे आणि कसे शोधायचे ते आधी ठरते, कोणते घ्यायचे आणि कोणते गाळायचे याचे नियमही आधी ठरतात. दुसऱ्या कोणी त्याच नियमांनी काम केले तर तो साधारण त्याच अभ्यासांपर्यंत पोहोचावा, अशी अपेक्षा असते. मिळालेल्या अभ्यासांचे आकडे गणिताने एकत्र केले की त्याला मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणतात.

दुसरा प्रकार उघडच बरा वाटतो. म्हणूनच 'पद्धतशीर' हे विशेषण हल्ली आढाव्यांवर सर्रास लावलेले असते. जॉन आयोनिडिस या संशोधकाने २०१६ मध्ये मोजून दाखवले होते की १९९१ ते २०१४ या काळात दरवर्षी प्रसिद्ध होणाऱ्या पद्धतशीर आढाव्यांची संख्या सुमारे २८ पट झाली, आणि त्याच काळात वैद्यकीय निबंधांची एकूण संख्या अडीच पटच वाढली. मूळ अभ्यासांपेक्षा त्यांची बेरीज करणारेच वेगाने वाढू लागले, तर त्या बेरजा तपासणारेही कोणीतरी लागणार. त्यासाठी काही साधने तयार झाली आहेत. त्यांतले सर्वांत जास्त वापरले जाणारे साधन म्हणजे २०१७ मध्ये सुधारित रूपात आलेले अ‍ॅम्स्टार-२.

अ‍ॅम्स्टार-२ ही १६ प्रश्नांची तपासणी आहे. या प्रश्नांचे गुण मात्र एकमेकांत मिळवायचे नसतात, आणि आपल्या टक्केवारीत मुरलेल्या डोक्याला हेच चटकन पटत नाही. १६ पैकी ७ प्रश्न कळीचे मानले आहेत. त्यांतल्या एकात आढावा नापास झाला तर त्याची प्रत 'कमी' ठरते, आणि दोन किंवा अधिक प्रश्नांत नापास झाला तर 'अत्यंत कमी'. मग उरलेल्या प्रश्नांत त्याने कितीही चांगली कामगिरी केलेली असो. थोडक्यात, इथे सरासरीने वर ओढून घेण्याची सोय नाही आणि एटीकेटीही नाही. या कडकपणामुळे आरोग्यशास्त्राच्या अनेक शाखांत आढाव्यांची तपासणी केली की त्यांतले बरेचसे खालच्या दोन प्रतींतच सापडतात.

कळीच्या सात प्रश्नांपैकी पहिला मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आढावा सुरू करण्याआधी त्याचा आराखडा लिहून कुठे नोंदवला होता का, हा तो प्रश्न. अशा नोंदणीसाठी ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठाने २०११ पासून 'प्रॉस्पेरो' नावाची जाहीर नोंदवही चालवली आहे. आराखड्याला एवढे महत्त्व का, हे कळायला घरचे उदाहरण पुरेसे आहे. तूरडाळ कोणत्या दुकानात स्वस्त मिळते हे पाहायला कोणी निघाला आणि सगळे भाव हाती आल्यावर त्याने ठरवले की फक्त एक किलोच्या पुड्याचेच भाव धरायचे, सुटी डाळ मोजायची नाही, तर त्याला हवे ते दुकान बहुधा पहिले आणता येईल. यात त्याने खोटे काहीच सांगितलेले नसते. त्याने नियम ठरवला तेव्हा उत्तर त्याच्यासमोर होते, एवढीच त्यातली गोम आहे. कीटकनाशकांच्या (या शब्दात इथे तणनाशके आणि बुरशीनाशकेही आली) आढाव्यांत असे नियम अनेक असतात. 'कधीही वापरले' अशांना धरायचे की 'सर्वाधिक वापरले' अशांना? एकाच गटावर लागोपाठ निघालेल्या निबंधांपैकी कोणता घ्यायचा? इतर रसायनांचा परिणाम वजा केलेला आकडा घ्यायचा की न केलेला? यांतला प्रत्येक निर्णय समर्थनीय असू शकतो, पण तो कधी घेतला हे कळल्याशिवाय त्याची किंमत करता येत नाही.

याच्याच जोडीचा कळीचा प्रश्न म्हणजे गाळलेल्या अभ्यासांची यादी. आढाव्यात कोणते अभ्यास घेतले हे सगळेच सांगतात. पूर्ण वाचून नंतर कोणते गाळले आणि प्रत्येक का गाळला, हे सांगणारे मात्र थोडे असतात. ही यादी बहुधा पुरवणीत, अगदी शेवटी असते. आढावा हाती आला की मी आधी तिथे जाते.

इथे एका गैरसमजाचा उल्लेख करायला हवा. पुष्कळ निबंधांत 'आम्ही प्रिझ्माचे पालन केले' असे वाक्य असते आणि वाचणाऱ्याला तो गुणवत्तेचा शिक्का वाटतो. प्रिझ्मा ही २००९ मध्ये आलेली आणि २०२० मध्ये सुधारलेली २७ मुद्द्यांची यादी आहे. आढावा लिहिताना काय काय सांगावे, एवढेच ती सांगते. केलेले काम चांगले होते की वाईट, याचा तिच्याशी संबंध नाही. आपण कसा निष्काळजीपणा केला याचे अत्यंत व्यवस्थित वर्णन करूनही प्रिझ्माचे पालन होऊ शकते.

येथवर सांगितलेले कोणत्याही आढाव्याला लागू पडते, मग तो रक्तदाबाच्या गोळीवरचा असो की फवारणीवरचा. फवारणीच्या बाबतीत खरी अडचण यापुढे सुरू होते. अ‍ॅम्स्टार-२ हे मुळात उपचारांवरच्या आढाव्यांसाठी बनवलेले साधन आहे. उपचारात कोणाला किती मिलिग्रॅमची गोळी किती दिवस दिली हे नोंदलेले असते. अर्ध्या माणसांना गोळी आणि अर्ध्यांना नुसती साखरेची पुडी अशी चिठ्ठ्या टाकून वाटणीही करता येते. कीटकनाशकाच्या बाबतीत असा प्रयोग माणसांवर करणे नैतिकदृष्ट्या अशक्यच आहे. म्हणून सगळा पुरावा निरीक्षणातून येतो. जे फवारतात आणि जे फवारत नाहीत त्यांच्या आरोग्याची तुलना करायची, एवढेच आपल्या हातात असते. त्यामुळे कोणी किती फवारले हे कसे मोजले, या एका प्रश्नावर सगळी इमारत उभी राहते.

आपल्याकडे शेतकरी कीटकनाशकाला 'औषध' म्हणतो. 'औषध मारले', 'औषध घेतले' ही रोजची भाषा आहे, आणि ती ऐकून शहरातला पाहुणा पहिल्यांदा दचकतो. हे औषध कृषी सेवा केंद्रातून येते. पुष्कळदा पानाचा नमुना पाहून दुकानदारच ते सुचवतो. ते बाटलीच्या बुचाने मोजून टाकीत ओतले जाते, आणि एका फेरीत दोन कामे व्हावीत म्हणून त्यात दुसरे बुरशीनाशक आणि एखादे टॉनिकही मिसळले जाते. द्राक्षबागेत ट्रॅक्टरचा ब्लोअर असतो, तर टोमॅटोच्या वावरात पाठीवरचा पंप. आता दहा वर्षांनी कोणी संशोधक प्रश्नावली घेऊन आला आणि 'गेल्या दशकात तुम्ही क्लोरपायरिफॉस किती दिवस वापरले?' असे त्याने विचारले, तर दादा काय सांगणार? त्याला बाटलीचा रंग आठवेल, कंपनीचे नाव आठवेल, ते वर्ष पावसाचे होते हेही आठवेल. रसायनाचे नाव आठवेल याची मात्र खात्री नाही. आणि फवारणी करणारा बहुधा दादा नसतोच, रोजाने आलेला मजूर असतो. त्याने किती जणांच्या वावरात काय काय मारले, याची नोंद कुठेच नसते.

संशोधक यातून तीन-चार वाटांनी मार्ग काढतात आणि प्रत्येक वाटेवर वेगळा खड्डा आहे. पहिली वाट म्हणजे आजारी आणि निरोगी अशा दोन गटांना भूतकाळाबद्दल विचारणे, म्हणजे केस-कंट्रोल पद्धत. यातली गोची अशी की कर्करोग झालेला माणूस आपल्याला हे का झाले याचा रात्रंदिवस विचार करत असतो, त्यामुळे त्याला जास्त आठवते. निरोगी शेजाऱ्याला तेवढे आठवत नाही. रसायन निर्दोष असले तरी ते यातून दोषी दिसू शकते. दुसरी वाट म्हणजे निरोगी माणसांची मोठी नोंद आधी करून मग वर्षानुवर्षे त्यांच्यावर नजर ठेवणे, म्हणजे कोहॉर्ट पद्धत. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत १९९३ ते १९९७ या काळात सुमारे ८९ हजार शेतकरी, त्यांचे जोडीदार आणि व्यावसायिक फवारणी करणारे यांची अशी नोंद झाली. तो अभ्यास आजही या क्षेत्राचा कणा आहे. इथे आठवणीचा तो पक्षपात टळतो. पण फवारणीचा अंदाज चुकला तर ती चूक आजारी आणि निरोगी दोघांत सारखीच पसरते आणि खरा परिणाम असलाच तर तो बहुधा पातळ होऊन दिसतो. म्हणजे एक पद्धत फुगवण्याच्या बाजूला झुकते आणि दुसरी विरवण्याच्या. दोन्हींचे आकडे एका टोपलीत टाकून काढलेली सरासरी या दोन चुकांची वजाबाकी करते, असे मानायला काहीच आधार नाही.

तिसरी वाट रक्त किंवा लघवी तपासण्याची. ऐकायला ती सर्वांत खात्रीची वाटते आणि काही रसायनांच्या बाबतीत ती तशी आहेही. डीडीटीचा अंश शरीरात वर्षानुवर्षे राहतो, त्यामुळे आजचा रक्ताचा नमुना कालचा इतिहास सांगतो. ऑरगॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटातली रसायने मात्र काही दिवसांत शरीराबाहेर पडतात. मंगळवारी घेतलेला लघवीचा नमुना रविवारच्या फवारणीबद्दल सांगेल, पाच वर्षांपूर्वीच्या हंगामाबद्दल तो मुका असतो. तरीही या वाटेने काही अत्यंत चांगले काम झाले आहे. गरोदरपणातला ऑरगॅनोफॉस्फेटचा संपर्क आणि मुलांची बुद्धी यांवर न्यू यॉर्कमधल्या दोन गटांचे आणि कॅलिफोर्नियातल्या शेतमजूर कुटुंबांच्या एका गटाचे असे तीन स्वतंत्र अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत जन्माआधी आईच्या लघवीत किंवा जन्मावेळी नाळेच्या रक्तात मोजणी झाली आणि मुलांची चाचणी काही वर्षांनी झाली. कॅलिफोर्नियाच्या गटात सर्वाधिक संपर्क असलेल्या मुलांचा बुद्ध्यंक सर्वांत कमी संपर्क असलेल्यांपेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी आढळला. वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या माणसांनी, आजार माहीत होण्याच्या आधी मोजलेले आकडे एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा त्यांचे वजन प्रश्नावलीवरच्या पन्नास अभ्यासांपेक्षा मी जास्त धरते.

म्हणून कीटकनाशकांवरचा आढावा हाती आला की त्यात किती अभ्यास घेतले हे विचारण्याआधी, संपर्क कसा मोजला यानुसार लेखकांनी त्यांची वर्गवारी केली आहे का, ते पाहावे. ती नसेल तर संख्येला फार अर्थ नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ग्रीसमधल्या संशोधकांकडून करून घेतलेला एक मोठा आढावा २०१३ मध्ये आला. त्यात सुमारे ६०० निबंध आणि त्यांतली ६ हजारांहून अधिक विश्लेषणे होती. एवढ्या पसाऱ्यातून लेखकांना सातत्याने दिसलेले संबंध मोजकेच होते, त्यांत मुलांमधला रक्ताचा कर्करोग आणि पार्किन्सन हे दोन ठळक. बाकीच्या बहुतेक आजारांबद्दल, पुरावा विखुरलेला आहे, एवढेच म्हणता आले. हजारो तुलना केल्या की त्यांतल्या काही नुसत्या योगायोगानेही 'लक्षणीय' निघतात. वीस तुलनांत एक, हे त्या गणितातच आहे. शिवाय 'कीटकनाशके' हा एकच शब्द शेकडो वेगवेगळ्या रेणूंना झाकतो. 'औषधे घेणाऱ्यांना काय होते?' असा प्रश्न विचारून क्रोसिन आणि केमोथेरपी एकत्र मोजावी, तसे काहीसे होते.

फवारणीच्या प्रश्नासाठी वेगळी साधने बनवण्याचे प्रयत्नही झाले आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये 'नॅव्हिगेशन गाइड' नावाची पद्धत मांडली. तिच्यातला एक बदल दिसायला लहान आणि परिणामाने मोठा आहे. पुराव्याची प्रत ठरवण्याच्या, वैद्यकात रूढ असलेल्या ग्रेड पद्धतीत निरीक्षणावर आधारलेला पुरावा 'कमी' या पायरीपासून सुरू होतो आणि सबळ कारण असेल तरच वर चढतो. नॅव्हिगेशन गाइडमध्ये तो 'मध्यम' या पायरीपासून सुरू होतो, कारण पर्यावरणाच्या प्रश्नांत चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग मिळणारच नसेल तर तो नाही म्हणून पुराव्याला शिक्षा करण्यात अर्थ नाही. तेच अभ्यास, तेच आकडे, पण कोणती शिडी लावली यावर निष्कर्षाचा शब्द बदलतो. हे शब्द बातमीत जातात, शिडी जात नाही.

आता सायली आणि दादा यांच्या दोन निबंधांकडे येऊ. दादाचा आढावा २०१६ मधला होता, सायलीचा २०१९ मधला. दोन्ही मी शेजारी ठेवून वाचले. पहिल्यात धोक्याचे एकत्रित प्रमाण १.३ आले होते (१ म्हणजे धोक्यात काहीच फरक नाही) आणि त्याची अनिश्चिततेची पट्टी, म्हणजे खरा आकडा बहुधा जिच्यात असावा ती, १.० ते १.६ होती. दुसऱ्यात प्रमाण १.४१ आणि पट्टी १.१३ ते १.७५. म्हणजे दोन्ही पट्ट्या बऱ्याच अंशी एकमेकींवर पडतात आणि मधले आकडेही जवळ आहेत. घरात भांडण लागावे एवढा फरक आकड्यांत नव्हताच. तो आकड्यांना जोडलेल्या शब्दांत होता. एका लेखकद्वयाने १.३ हा आकडा पाहून पूर्वग्रह आणि योगायोग यांनीही एवढे होऊ शकते असे म्हटले, तर दुसऱ्या गटाने 'सर्वाधिक संपर्क' हा निकष आपण आधीच ठरवला होता असे सांगून १.४१ हा आकडा ठोस मानला. मधल्या काळात, २०१८ मध्ये, त्या मोठ्या अमेरिकन कोहॉर्टचा नवा निबंध येऊन गेला होता. त्यातल्या ५४,२५१ फवारणी करणाऱ्यांपैकी सुमारे ८३ टक्क्यांनी ग्लायफोसेट वापरले होते आणि लिम्फोमाशी संबंध दिसला नव्हता. २०१९ च्या आढाव्यात हा कोहॉर्ट आणि पाच केस-कंट्रोल अभ्यास आहेत, एकूण सहा. न छापल्या गेलेल्या अभ्यासांमुळे चित्र एका बाजूला झुकले आहे का, हे तपासायला जी आकृती काढतात, तिला किमान दहाएक अभ्यास लागतात. सहांवर ती काढली तरी तिच्यातून फारसे काही वाचता येत नाही.

४१ टक्के हा आकडाही जरा उलगडून पाहावा. समजा एक लाख माणसांत वर्षाला तिघांना हा आजार होतो (हा आकडा केवळ हिशोबासाठी धरला आहे), तर ४१ टक्के वाढ म्हणजे तिघांच्या जागी चारांहून किंचित जास्त. ज्याच्या घरात हा आजार शिरतो त्याला ही गोष्ट लहान नाही. पण '४१ टक्के धोका' ऐकून शंभरातल्या एकेचाळीस जणांना कर्करोग होणार असे ज्याला वाटले, त्याची समजूत आणि वस्तुस्थिती यांत कित्येक हजारपटींचे अंतर पडले.

ग्लायफोसेटबद्दलचा गोंधळ वाढवणारे आणखी एक कारण म्हणजे मार्च २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, त्याला 'बहुधा कर्ककारक' या गटात टाकले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपीय प्राधिकरणाने ते कर्ककारक असण्याची शक्यता कमी असल्याचे जाहीर केले. दोघांपुढचे प्रश्न थोडे वेगळे होते आणि कागदही वेगळे होते. आयएआरसीने केवळ प्रसिद्ध झालेले किंवा जाहीरपणे उपलब्ध असलेले अभ्यास घेतले आणि बाजारात मिळणाऱ्या मिश्रणांवरचेही पाहिले. प्राधिकरणाने कंपन्यांनी सादर केलेले अप्रकाशित अभ्यासही धरले आणि भर मूळ रसायनावर ठेवला. शिवाय आयएआरसी सांगते ती घातकता, धोका नव्हे. कात्रजच्या सर्पोद्यानातला नाग विषारी आहे यात वाद नाही. काचेच्या अलीकडे उभ्या असलेल्या पोराला त्याच्यापासून धोका किती, हा दुसरा प्रश्न झाला, आणि त्याचे उत्तर काचेवर अवलंबून आहे. भारतात २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला, तो या काचेचाच विचार होता, असे म्हणता येईल. ती काच वावरात किती ठिकाणी बसली, हे बांधावर जाऊन पाहावे.

मग पैशांचे काय, असे सायलीने विचारले, कारण दादाच्या हातातल्या आढाव्याला ग्लायफोसेट विकणाऱ्या मोन्सॅन्टो या कंपनीने पैसे दिल्याचे त्या निबंधातच नमूद होते. लेखकांनी ते लपवले नव्हते, हे त्यांच्या बाजूने. सगळेच तसे करत नाहीत. ग्लायफोसेट माणसाला सुरक्षित असल्याचे सांगणारा, पुढे कित्येक ठिकाणी आधार म्हणून वापरला गेलेला एक वर्णनात्मक आढावा २००० साली स्वतंत्र शास्त्रज्ञांच्या नावे प्रसिद्ध झाला होता. अमेरिकेतल्या खटल्यांत २०१७ मध्ये उघड झालेल्या कागदपत्रांतून त्याच्या लेखनात कंपनीच्या कर्मचाऱ्यांचा हात असल्याचे समोर आले, आणि अखेर २०२५ मध्ये त्या नियतकालिकाने तो मागे घेतला. पाव शतक तो संदर्भयाद्यांत राहिला. हितसंबंध जाहीर केले का, हा प्रश्न अ‍ॅम्स्टार-२ मध्ये आहे, पण तो कळीच्या सातांत नाही. मला हे पटत नाही. उपचारांच्या क्षेत्रात त्याला कारणे असतील. ज्या क्षेत्रात तपासायचा पदार्थ विकणाऱ्याकडेच तपासणीचे बहुतेक कागद असतात, तिथे हा प्रश्न आठवा कळीचा प्रश्न असायला हवा. मात्र पैसे कोणाचे हे कळले की काम संपले, असेही नाही. कंपनीच्या पैशाने निघालेला १.३ हा आकडा आयएआरसीच्या तज्ज्ञांनी स्वतः काढलेल्या आकड्याशी जुळतो. पैशाचा परिणाम त्या गणितात दिसत नाही. दिसायचाच तर तो आकड्याचा अर्थ लावताना दिसेल. तिथे नजर ठेवावी.

आढाव्याची प्रत 'कमी' निघाली म्हणून त्याचा निष्कर्ष खोटा ठरत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. त्या निष्कर्षावर किती भार टाकता येईल, एवढेच प्रत सांगते. आणि काही प्रश्नांना पद्धतशीर आढाव्याची गरजच नसते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. फवारणी आणि मृत्यू यांच्यात तिथे तासांचे आणि दिवसांचे अंतर होते. अशा ठिकाणी 'पुरावा अजून पुरेसा नाही' असे म्हणणे ही शास्त्रीय सावधगिरी नसते, ती वेळकाढूपणाची सभ्य तऱ्हा असते. बाटलीच्या लेबलवर लाल, पिवळा, निळा, हिरवा यांपैकी जो रंग असतो, तो याच लगेच होणाऱ्या विषबाधेबद्दल बोलतो. वीस वर्षांनी होणाऱ्या परिणामाबद्दल तो काहीच सांगत नाही, आणि नेमक्या त्याच ठिकाणी आढाव्यांची गरज सुरू होते. मॅन्कोझेब या बुरशीनाशकाचा तात्काळ विषारीपणा कमी आहे आणि आपल्या टोमॅटो-द्राक्षांवर ते वर्षानुवर्षे वापरले गेले आहे. प्रजननावर आणि अंतःस्रावांवर होणाऱ्या संभाव्य परिणामांच्या कारणाने युरोपीय संघाने २०२० मध्ये त्याची परवानगी पुढे चालू ठेवायला नकार दिला.

शेवटी द्राक्षांचा प्रश्न उरला, कारण वाद त्यांच्यावरून सुरू झाला होता. फवारणी करणाऱ्यांवरच्या आढाव्यातला आकडा खाणाऱ्याला लावता येत नाही. खाणाऱ्याच्या बाबतीत प्रश्न अंशांचा असतो आणि त्याची मोजदाद वेगळी होते. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. निर्यातीच्या द्राक्षांतल्या अंशांच्या तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा तिथेच आहे. २०१० मध्ये युरोपात आपली द्राक्षे अडली ती क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे, आणि त्यानंतर तपासणीची यादी वाढली. अंशांची कायदेशीर मर्यादा ही मुळात योग्य पद्धतीने फवारणी झाली की नाही याची खूण असते. ती ओलांडली म्हणजे खाणारा आजारी पडलाच असे होत नाही, आणि पाळली म्हणजे फवारणारा सुरक्षित राहिला असेही नाही. निर्यातीच्या पेटीतल्या स्वच्छ द्राक्षामागे तोंडाला उपरणे बांधून टाकी ढवळणारा माणूस असू शकतो. प्रयोगशाळा त्याची लघवी तपासत नाही.

हे सगळे सांगून झाल्यावर सायलीने २०१९ चा निबंध लॅपटॉपवर पुन्हा उघडला आणि मूळ अभ्यासांच्या तक्त्यावर आली. दादा चष्मा लावून शेजारी बसला. दोन अभ्यास अमेरिकेतले, दोन स्वीडनचे, एक कॅनडाचा, एक फ्रान्सचा. दादाने विचारले, "आणि आपल्याकडचा?" तिने तक्ता खालपर्यंत सरकवला. सातवी ओळ नव्हती.